सोयरीक सुट्या भागांची

आपल्या घरांत लग्न जमवताना पत्रिका पाहत नाहीत. मुलगा काय करतो, मुलगी किती शिकली, घरात दारू आहे का, माणसे कशी आहेत, एवढे विचारतो आणि तारीख धरतो. छत्तीस गुणांच्या भानगडीत आपण पडत नाही, आणि ते बरेच आहे. पण गेल्या उन्हाळ्यात आम्हाला एका सोयरिकीत गुण जुळवायला बसावेच लागले. ती सोयरीक माणसांची नव्हती, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची होती.

झाले असे. रात्री साडेआठच्या सुमारास वस्तीतल्या एक ताई दारात आल्या. त्या दवाखान्यात आयाचे काम करतात. मालक उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. मागे थोरला मुलगा, हातात दोन खोकी, तोंड पडलेले. त्याच्या मागे दहावीतली धाकटी बहीण. ताई म्हणाल्या, "भाऊ, ह्ये बघा की जरा. पोरगं म्हणतंय बसंना म्हणून. इतकं पैसं घालून न बसणारी वस्तू आणली व्हय यानं?"

मुलगा बारावी होऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षे सुट्टीत मंडपवाल्याकडे लायटिंगच्या वायरी ओढल्या, संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात बसला आणि पैसे साठवले. कमी पडले ते आईने बचत गटाचे कर्ज काढून घातले. त्याला घरी स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर हवा होता आणि त्यावर मोठे गेम चालायला हवे होते. तयार मिळणारा गेमिंगचा कॉम्प्युटर खिशाला परवडणारा नव्हता. म्हणून एकेक भाग जसा स्वस्त दिसेल तसा तो घेत गेला. मदरबोर्ड एका ठिकाणाहून, रॅम दुसऱ्या ठिकाणाहून, सवलतीच्या सेलमधून.

आम्ही रॅमची पट्टी हातात घेतली. बोर्डच्या खाचेशी धरून पाहिली. पट्टीच्या खालच्या कडेला एक लहान खाच असते आणि बोर्डवर तिच्या जागी एक दांडी असते. इथे खाच एकीकडे होती, दांडी दुसरीकडे. बोर्ड डीडीआर ४ चा होता आणि रॅम डीडीआर ५ ची होती. दोन्हींना पिना २८८ च असतात, लांबीही तीच. म्हणून लांबून जुळी भावंडे वाटतात. पण दोघींचा व्होल्टेज वेगळा, आतली रचना वेगळी, आणि कोणी चुकून बसवू नये म्हणूनच खाचेची जागा मुद्दाम बदललेली आहे.

"काका, जोर लावला की बसंल का?" मुलाने विचारले.

"अजिबात नको. जोर लावलास तर रॅमही जाईल आणि बोर्डही जाईल."

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला फोन केला. पाकीट फोडले आहे, परत घेणार नाही, असे उत्तर आले. शेवटी ती पट्टी बारामतीच्या एका मुलाने कमी पैशांत घेतली. फरक गेला तो गेला. तो फरक म्हणजे बचत गटाचा जवळजवळ एक हप्ता होता. ज्या घरात हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली असते, त्या घराला असा फटका फार लागतो.

सुटे भाग एकमेकांत बसतातच कसे?

आम्ही कारकून माणूस. शिक्षण बीकॉम. कॉम्प्युटरचे इंजिनिअर नव्हे. पण कचेरीतले कॉम्प्युटर आणि समाजमंदिराच्या अभ्यासिकेतली तीन जुनी यंत्रे उघडून-झाकून हाताला सवय झाली आहे. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी सुरू झाले. पुढे आम्हीही ते केले. आमच्या वर्गात चपला दाराबाहेर काढायच्या, एका यंत्रावर दोघे बसायचे, आणि यंत्राच्या पेटीला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. बटणे दाबायला मिळाली, पण पेटीत काय आहे ते कुणी दाखवले नाही. म्हणून एखादे पोर पेटी स्वतः जोडायची म्हणते तेव्हा आम्हाला बरे वाटते. त्याला नाउमेद करण्यापेक्षा त्याचे पैसे वाया जाणार नाहीत एवढे पाहणे हे आपले काम.

एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर चालतो, यात नवल वाटण्यासारखे आहे. याचे मूळ १९८१ सालात आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती म्हणून त्यांनी तो बहुतांशी बाहेरच्या कंपन्यांचे भाग घेऊन बनवला. प्रोसेसर इंटेलचा, कामकाजाची प्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राच्या रचनेची माहितीही छापून दिली. मग इतरांनी त्याला जुळणारे भाग आणि यंत्रे बनवायला सुरुवात केली. 'आयबीएम कम्पॅटिबल' हा शब्द तेव्हापासूनचा. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. बोर्ड केवढा, त्याला स्क्रूची भोके कुठे, वायरीचे सॉकेट कसे, हे त्यात ठरले. आज नातेपुत्यात घेतलेल्या कॅबिनेटला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेला बोर्ड बसतो तो त्या मापामुळे.

आणि सुटे भाग जोडलेले यंत्र म्हणजे कमी प्रतीचे, असा समज असेल तर तो काढून टाका. परदेशातून पाहिजे त्या ताकदीचा महासंगणक मिळेना तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली त्यांनी परम ८००० हा महासंगणक उभा केला. तो कसा? बाजारात विकत मिळणारे लहान प्रोसेसर घेऊन, ते अनेक एकत्र जोडून आणि त्यांच्याकडून मिळून काम करून घेऊन. एकेकटा प्रोसेसर फार मोठा नव्हता. सगळी करामत जुळवणुकीत होती. आमच्या ताईंच्या मुलाचे काम त्यापुढे मुंगीएवढे. पण विचार तोच.

आधी तेरीज, मग खरेदी

बीकॉमला आम्हाला तेरीज पत्रक शिकवले होते. दोन बाजू जुळल्या नाहीत तर ताळेबंद करायला बसायचे नाही, आधी चूक शोधायची. आम्ही मुलाला वहीचा एक कागद दिला आणि म्हटले, आता एक पैसा खर्च करायचा नाही. या कागदावर सगळ्या जोड्या जुळल्या की मग बाजारात जायचे. त्या रात्री आम्ही चौघांनी बसून जो कागद केला, तोच इथे देत आहोत. ज्यांच्या घरात असे पोर आहे त्यांनी कापून ठेवावा. भाव मात्र देत नाही, कारण ते सारखे बदलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे भडकले ते अनेकांनी पाहिले.

*पहिली जोडी : प्रोसेसर आणि मदरबोर्ड.* ही मुख्य सोयरीक. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेटचे नाव दोन्हींकडे तंतोतंत एक पाहिजे. बाजारात मुख्य कंपन्या दोन, इंटेल आणि एएमडी. एकीचा प्रोसेसर दुसरीच्या सॉकेटमध्ये कधीच बसत नाही. एएमडीचे एएम ४ सॉकेट रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत चालते. ७००० मालिकेपासून पुढे एएम ५ लागते, ते २०२२ साली आले. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीला एलजीए १७०० हे सॉकेट लागते. १० व्या आणि ११ व्या पिढीला एलजीए १२०० लागते.

इथे एक खड्डा आहे, जुने भाग घेणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. इंटेलची ६ वी-७ वी पिढी आणि ८ वी-९ वी पिढी या दोन्हींच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१ च आहे. प्रोसेसर बसतोही. पण एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालवत नाही. म्हणून नुसते सॉकेटचे नाव पाहून भागत नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. आपले नाव त्या यादीत दिसले तरच जोडी पक्की.

दुसरा खड्डा बायोसचा. बायोस म्हणजे बोर्डच्या चिपमध्ये भरलेला पहिला कार्यक्रम. बोर्ड जुना आणि प्रोसेसर त्याच्यानंतर जन्मलेला असेल, तर सॉकेट जुळूनही बोर्ड त्याला ओळखत नाही. पंखे फिरतात, पडदा काळा राहतो. बी ४५० सारख्या जुन्या बोर्डावर रायझन ५००० घालताना हे होते. दुकानदाराला सरळ विचारावे, बायोस नवा भरून देता का? देत असेल तर बिलावर लिहून घ्यावे.

*दुसरी जोडी : मदरबोर्ड आणि रॅम.* हिची कथा वर आलीच. एएम ४ ला डीडीआर ४, एएम ५ ला डीडीआर ५. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये मात्र काही बोर्ड डीडीआर ४ चे आहेत आणि काही डीडीआर ५ चे. नाव सारखेच असते, शेवटची दोन अक्षरे वेगळी. ती न वाचता पैसे देऊ नयेत. आणखी एक : १६ जीबी घ्यायची असेल तर १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. एका रस्त्याऐवजी दोन रस्त्यांनी माल ये-जा करतो. ज्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नाही त्यांना गेममध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बोर्डसोबतचे पुस्तक पाहून घ्यावे.

*तिसरी जोडी : प्रोसेसर आणि पडदा.* हे वाक्य वाचून कोणी हसेल. पण मुलाची पुढची चूक इथेच होणार होती. त्याने यादीत रायझन ५ ५६०० लिहिला होता. आम्ही विचारले, "अरे, ग्राफिक्स कार्ड कधी घेणार?"

"पुढच्या वर्षी. आता पैसे न्हाईत."

"मग तोवर पडद्यावर चित्र कोण पाठवणार?"

तो गप्प बसला. या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भागच नाही. कार्ड नसेल तर पडदा वर्षभर काळा. त्याच्याच घरातला ५६००जी घेतला तर त्यात चित्राची सोय आत आहे. इंटेलमध्ये उलट वाचायचे. नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत चित्राची सोय नाही. एका अक्षरावर एवढे अवलंबून आहे. कार्ड लगेच घेणार असाल तर ५६०० गेमला जास्त चांगला. कार्ड पुढे घेणार असाल तर ५६००जी. मुलाने एक अक्षर वाढवले आणि एक वर्ष वाचवले.

*चौथी जोडी : ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर.* गेममध्ये पैसा खाणारा भाग हाच. म्हणून आधी पडदा कोणता ते ठरवा, मग कार्ड. १०८० पीचा साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर एका सेकंदात ६० च चित्रे दाखवतो. त्याला २०० चित्रे काढणारे भारी कार्ड लावले तर जादाची चित्रे कोणी पाहायची? आरएक्स ६६०० सारखे ८ जीबीचे मध्यम कार्ड १०८० पी ला पुष्कळ होते. पोरे व्हिडिओ पाहून सर्वात महागड्या कार्डाची स्वप्ने पाहतात. त्यांना विचारा, तुझा पडदा कोणता, तुझा गेम कोणता? प्रत्येक गेमची गरज त्याच्या पानावर लिहिलेली असते.

*पाचवी जोडी : सगळे भाग आणि एसएमपीएस.* वीज वाटून देणारी ही पेटी. पोरांचे तिच्याकडे लक्ष नसते, कारण ती चमकत नाही. ती चांगली नसेल तर जाताना एकटी जात नाही, बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाते. इथे कारकुनी बेरीज कामाला येते. ५६००जी चे ६५ वॅट लिहिलेले असतात, भरात ८८ पर्यंत जातात. आरएक्स ६६०० चे १३२. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक धरा. एकूण २७० च्या आसपास. या कार्डला कंपनी ४५० वॅटची पेटी सांगते. आम्ही ५५० ची लिहिली, कारण कार्ड पुढच्या वर्षी येणार आणि तेव्हा पेटी बदलायचा खर्च नको. नुसता वॅटचा आकडा पाहू नका. '८० प्लस' ची खूण पाहा आणि वॉरंटी किती वर्षांची ते पाहा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या पेटीवर गेमचे कार्ड चालवू नका.

वायरीही मोजा. कार्डला ६+२ पिनांची वायर लागते, प्रोसेसरला ४+४ पिनांची. दोन्ही सारख्या दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी घालायची नाही. बोर्डची खाच कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट देते, त्यावरचे सगळे या वायरीतून येते. आणि एका पेटीच्या सुट्या होणाऱ्या वायरी दुसऱ्या पेटीला कधीही लावू नका. टोके बसतात, आतली जोडणी वेगळी असते, आणि क्षणात सगळे जळते.

*सहावी जोडी : एसएमपीएस आणि यूपीएस.* शहरातली पुस्तके हे सांगत नाहीत. पण आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि किती व्होल्टेजने परत येईल याचा भरवसा नाही. दुकानात यूपीएस ६०० व्हीएचा सांगतात. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. असा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. कार्ड बसल्यावर मॉनिटर धरून आपला भार तीनशेच्या घरात जातो. म्हणजे तो काठावर आहे. हजार व्हीएच्या आसपासचा घेतलेला बरा. लाइट गेल्यावर खेळत बसण्यासाठी तो नाही. काम साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरता आहे. आणि अर्थिंग! तीन पिनांचा प्लग भिंतीत घातला म्हणजे अर्थिंग झाले असे नाही. वायरमनला बोलावून तपासून घ्या. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजा.

*सातवी जोडी : कॅबिनेट आणि आतले सगळे.* बोर्ड मायक्रो एटीएक्स असेल तर तो २४४ मिलिमीटर चौरस असतो आणि एटीएक्स ३०५ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा बसत नाही. कार्डची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, ती कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहा. आपली घरे पत्र्याची. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. पुढे सगळी काच असलेले देखणे कॅबिनेट आपल्या कामाचे नाही. पुढे जाळी हवी, पुढून हवा आत आणि मागून बाहेर असे दोन पंखे हवेत, आणि धुळीची चाळण काढून धुता आली पाहिजे. यंत्र जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका.

*आठवी जोडी : बोर्ड आणि डिस्क.* हल्ली पट्टीसारखी एम.२ एसएसडी मिळते. तिच्यावर २२८० लिहिलेले असते. म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. पण एकाच आकारात दोन जाती येतात, साटा आणि एनव्हीएमई. बोर्डची खाच कोणती जात घेते ते पुस्तकात पाहा.

*शेवटची जोडी : यंत्र आणि विंडोज.* विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि साधारण इंटेलची ८ वी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून 'आय ५ आहे, स्वस्त देतो' असे कोणी म्हणाला तर विचारा, कितव्या पिढीचा? काही ऑनलाइन गेम विंडोज ११ वर टीपीएम चालू असल्याशिवाय उघडतच नाहीत. ज्यांना विकत विंडोज परवडत नाही त्यांनी चोरीची प्रत घालण्यापेक्षा लिनक्स घालावे. ते मोफत आहे आणि त्यावरही पुष्कळ गेम चालतात.

पक्के बिल घ्या

कागद पूर्ण झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मग आम्ही मुलाला कारकून म्हणून तीन गोष्टी सांगितल्या. एक : जीएसटीचे पक्के बिल घ्यायचे, आणि बिलावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यायचा. बिनबिलाचा माल थोडा स्वस्त पडतो, पण वॉरंटीच्या दिवशी दुकानदार ओळख दाखवत नाही. दोन : शक्य तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकाच दुकानातून घ्यायचे. जुळले नाही तर ते एकमेकांकडे बोट दाखवू शकत नाहीत. तीन : सगळा माल हातात येईपर्यंत कोणतेच पाकीट फोडायचे नाही. आधी कागदाशी ताडायचे, मग फोडायचे. जुने कार्ड घ्यायचेच असेल तर ते चालू यंत्रावर अर्धा तास गेम चालवून, डोळ्यांनी पाहूनच घ्यायचे.

जोडणीची संध्याकाळ

पंधरा दिवसांनी रविवारी सगळे आमच्या घरी जमले. मुलांच्या आईने जेवणाचे टेबल रिकामे करून दिले. गोधडी, सतरंजी काही टाकली नाही, कारण त्यांत वीज साठते. आधी लोखंडी कपाटाला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते.

एएम ४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात. एक वाकली तरी काम थांबते. मुलाचे हात थरथरत होते. तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, थांब. त्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण हाय. तसाच खाली बी हाय. दोन्ही एका बाजूला कर." तिने पुस्तक आधीच वाचून ठेवले होते. इंग्रजी पुस्तक, शब्दकोश शेजारी घेऊन. मग प्रोसेसर तिनेच ठेवला. दाबावा लागला नाही, आपल्या वजनाने खाली बसला. जुळलेली गोष्ट अशी बसते. रॅम मात्र दोन्ही कानांचा 'टक' आवाज येईपर्यंत नीट दाबावी लागली. या प्रोसेसरसोबत आलेल्या पंख्याला खालून पेस्ट लावूनच येते, त्यामुळे वेगळी लावली नाही. बोर्डखाली पितळी खुंट्या आहेत ना, हे पाहून मग स्क्रू पिळले.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. मुलाचा चेहरा पुन्हा पडला. आम्ही कागद पुढे घेतला आणि वरून एकेक जोडी पाहत आलो. प्रोसेसरजवळची ४+४ पिनांची वायर लावायचीच राहिली होती. ती लावली आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव पडद्यावर आले. ताई म्हणाल्या, "आलं बया!" आणि पदराने डोळे पुसले.

आईवडिलांना दोन शब्द

काही पालक म्हणतील, गेमसाठी एवढे कशाला? त्यांची काळजी खोटी नाही. गेमला वेळेची मर्यादा हवी, आणि ती घरानेच घालायची. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. तसले काही दिसले तर तिथल्या तिथे थांबवा. पण जे यंत्र गेम ओढते तेच टॅली, नकाशे, व्हिडिओचे काम आणि प्रोग्रामिंगही ओढते. आणि जे पोर नऊ जोड्या कागदावर जुळवून यंत्र उभे करते, ते काही शिकल्याशिवाय राहत नाही. त्या मुलाने त्यानंतर वस्तीतली दोन बंद यंत्रे चालू करून दिली. एकाचे पैसे घेतले आणि आईच्या हातात दिले. अभ्यासिकेतल्या यंत्रांची रॅम त्याच्या बहिणीने वाढवली. स्क्रूड्रायव्हर मुलीच्याही हातात द्या, एवढे या निमित्ताने सांगणे आहे.

आज ते यंत्र त्यांच्या घरात लाकडी स्टुलावर आहे. हलके गेम त्यावर चालतात, मोठे गेम कमी चित्रांवर चालतात, आणि मुलगा तक्रार करत नाही. कार्डची खाच रिकामी आहे. एसएमपीएसची ६+२ पिनांची वायर गुंडाळून, रबर लावून आत ठेवली आहे. बचत गटाचे तीन हप्ते राहिले आहेत. ते फिटल्यावरच कार्ड, असे मायलेकरांचे ठरले आहे. कार्डची लांबी मात्र त्याने आताच मोजून कागदावर लिहून ठेवली आहे.